एका बुटाचे अनेक मालक

त्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट जुनी होती, यात शंका नाही. पण ती जितकी सावकाश चालायची तितकी जुनी मात्र ती नव्हती. हा फरक फक्त एका माणसाला ठाऊक होता, आणि तो म्हणजे ती चालवणारे काका. पितळी दांडा पूर्ण दाबला की लिफ्ट बऱ्यापैकी चपळाईने वर जाई. तो किंचित सैल सोडला की अशी रेंगाळे, की आतल्या माणसाला वाटावं, बिचारीचं वय झालं. आणि काका दांडा सैल सोडत, ते वाक्य पुरं व्हायचं राहिलं असेल तेव्हा.

कारण काका लिफ्टमध्ये गोष्ट सांगत. हा प्रकार कसा सुरू झाला, याबद्दल इमारतीत एकमत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातले लोक म्हणतात, एका घाबरलेल्या पेशंटला धीर देण्यासाठी. चौथ्या मजल्यावरचे हिशेबनीस म्हणतात, वीज जाऊन लिफ्ट मधेच अडकली होती तेव्हा. आणि त्या वेळी आपण स्वतः आत होतो असं त्यांच्यातले इतके जण सांगतात, की तेवढी माणसं त्या लिफ्टमध्ये मावणं शक्य नाही. खुद्द काकांना विचारलं तर ते म्हणत, "माणसं एका पेटीत उभी राहतात आणि उतरेपर्यंत छताकडे बघत राहतात. ते मला बघवेना." तिन्ही हकिकतींत ही सर्वांत साधी असल्यामुळे तीच खरी धरायला हरकत नाही.

गोष्ट एकच होती. एका बूट शिवणाऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर एके सकाळी एक बूट पडलेला सापडतो. डाव्या पायाचा, तळ उघडलेला. सोबत ना चिठ्ठी, ना निरोप. कारागीर तो शिवतो, असा शिवतो की स्वतःच बघत राहतो. मग वाट बघतो. कोणी येत नाही. शेवटी बूट काखोटीला मारून तो मालकाला शोधायला निघतो.

एवढा भाग दुसरा मजला येईपर्यंत होई. पुढचा भाग मात्र कोण कुठे उतरणार, यावर ठरे. दवाखान्यातल्या पेशंटसाठी बुटाचा मालक चोर होता: एका पायात बूट, दुसरा अनवाणी आणि मागे अख्खा बाजार. ही पळापळ तिसऱ्या मजल्यावर अशा बेताने संपे, की माणूस हसत हसत दवाखान्यात शिरे आणि खुर्चीत आडवा झाल्यावरच त्याला आठवे, आपण कशासाठी आलो आहोत. हिशेबनिसांसाठी मालक सरकारी तपासनीस होता, वेषांतर करून दुकानादुकानांतून हिंडणारा; ती ऐकताना ते नकळत शर्टाची बटणं लावत. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना शेवट मिळतच नसे. त्यांच्यातले काही जण काम नसताना एक मजला वर जात आणि जिन्याने खाली येत.

आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींसाठी मालक खलाशी होता. आजींच्या घरची बेल वाजवली तर दार उघडायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्या हातात किल्ली घेऊनच लिफ्टमध्ये शिरत. गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "हे बघ, मालक कोण का असेना, जिवंत निघाला पाहिजे." तेव्हापासून तो खलाशी एका बुटानिशी या बंदरातून त्या बंदरात फिरत होता, आणि सुखरूप होता.

या सांगण्यात आणखी एक विशेष होता. काका ऐकणाऱ्यांकडे पाठ करून सांगत. त्यात उद्धटपणा नव्हता. दांडा समोर, जाळीचं दार समोर, त्यामुळे तोंडही समोरच. मागची माणसं त्यांना कोपऱ्यातल्या लहानशा आरशात दिसत, तीही भुवयांपासून वर. कपाळ आक्रसलं तर काका चोराला गल्लीतून बाहेर काढत. भुवया वर गेल्या तर त्याला आणखी एका गल्लीत घालत. अख्ख्या चेहऱ्याची त्यांना कधी गरज पडली नाही.

एवढ्या बोलक्या माणसाची बायको मात्र त्याला मुका समजत असे.

काका आणि काकू तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत राहत. काकू पडदे शिवत. मशीन खिडकीशी, कापडाचे तागे पलंगाखाली, आणि दोरीवर कायम कुणाचा तरी अर्धा शिवलेला पडदा, त्यामुळे खोलीत शिरणाऱ्याला आपण नाटकाच्या मागच्या बाजूला आलो की काय असं वाटे. शिवताना काकू बोलत. गिऱ्हाइकांबद्दल बोलत, गिऱ्हाइकांच्या सासवांबद्दल बोलत, खिडकीचं माप मुद्दाम लहान सांगून कापड वाचवणाऱ्यांबद्दल तर फारच बोलत. काका मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून ऐकत. वर जाऊन काकूंनी लिफ्टमध्ये ऐकलं असतं, म्हणाल, तर काकू लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. "दोरीला टांगून घ्यायला मी काय बादली आहे?" असं म्हणून त्या पडद्यांचं गाठोडं घेऊन सहा मजले चढत.

गिऱ्हाइकं येत आणि म्हणत, "काकू, काकांची गोष्ट म्हणजे ना!"

"कुणाच्या काकांची?"

"आपल्या हो! लिफ्टमधल्या."

"मग तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी लिफ्टमध्ये बसला असाल. आमच्या ह्यांना जेवण कसं झालंय विचारलं तर मान हलते, तीसुद्धा कुठल्या दिशेने ते नीट कळत नाही."

बरीच वर्षं काकूंनी ही थट्टा मानली, मग शिष्टाचार मानला. पण एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई पडदे न्यायला आली आणि तिने त्या बूट शिवणाऱ्याची गोष्ट, तिला माहीत होती तेवढी, हातवारे करून सांगून दाखवली. ती गेल्यावर काकू हसतच म्हणाल्या, "घ्या! सगळ्या इमारतीला माझ्या नवऱ्याचा आवाज माहीत. माझ्या वाट्याला 'वाढ' आणि 'पुरे'."

त्या हसल्या खऱ्या, पण मशीन थांबलं होतं. ते थांबलेलं मशीन काकांच्या मनातून जाईना. दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यांनी घसा खाकरला, काकूंच्या समोर नीट बसले आणि म्हणाले, "एक बूट शिवणारा होता."

काकूंचा घास हातातच राहिला. "कोण? कधी आला होता? आणि मला हाक नाही मारलीत?"

समोर अख्खा चेहरा होता: कपाळ, डोळे, अर्धवट उघडं तोंड, सगळं एकदम. काकांचं पुढचं वाक्य जे गेलं ते गेलंच.

"काही नाही," ते म्हणाले. "मीठ दे."

म्हणूनच, पहिल्या मजल्यावर वाचनालय चालवणाऱ्या बाईंनी गल्लीतल्या लोकांसाठी गोष्टी आणि बोलक्या कवितांचा महोत्सव ठरवला आणि काकांना त्यात बोलावलं, तेव्हा नाही म्हणायला उघडलेल्या त्यांच्या तोंडातून हो बाहेर पडलं. बाईंनी त्यांची गोष्ट स्वतः कधी ऐकलेली नव्हती. पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट कोण वापरतो? पण वाचनालयात पुस्तक परत करायला येणारे लोक पुस्तकापेक्षा त्या बुटाबद्दलच जास्त बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. महोत्सवाचे नियम त्यांनी स्वतः केले होते: हातात कागद नाही, पाठ केलेलं दुसऱ्याचं नाही, आणि घंटा वाजली की थांबायचं.

शाळेच्या पटांगणात मंच बांधून झाल्यावर बाईंनी काकांना तालमीला बोलावलं. काका मंचावर चढले, मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बोलू लागले.

"काका, आम्ही इकडे आहोत," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग वळा ना!"

काका वळले. समोर रिकाम्या खुर्च्या आणि एकट्या बाई. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी त्यांच्याकडे.

"विसरलात का?"

"नाही. तुम्ही दिसताय."

बाईंनी नियमांवरून मनातल्या मनात एक नजर फिरवली. "तोंड कुठे असावं याबद्दल मी काही ठरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही भिंतीला सांगा. आम्ही ऐकू."

अडचण सुटली असं काकांना वाटलं. खरी अडचण त्यांच्या ध्यानात आली ती महोत्सवाच्या दिवशी सकाळी, लिफ्टचं दार पुसताना. चोर, तपासनीस आणि खलाशी आज एकाच पटांगणात शेजारी शेजारी बसणार होते. जन्मात त्यांना कधी सगळ्या मजल्यांना एकदम सांगावं लागलं नव्हतं. चोर म्हणावं तर आजींना काय वाटेल? खलाशी म्हणावं तर चौथ्या मजल्यावर आपली पत काय राहील? फडकं हातात घेऊन ते तसेच घराकडे वळले, आज अंगात कणकण आहे असं सांगायचं ठरवून. खोलीला कुलूप होतं. शोधत ते पटांगणात गेले, तर काकू पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर रुमाल टाकून बाजूलाच उभ्या होत्या.

"अगं, एवढ्या लवकर?" काका म्हणाले.

"मग? मागे बसून मला काय दिसणार, लोकांच्या पाठी?" काकू म्हणाल्या. "आज कळेल, लोक खोटं बोलतात की तुम्ही."

कणकणीचा विषय काकांनी काढला नाही.

दुपार कलल्यावर पटांगण भरलं. नळ दुरुस्त करणाऱ्याने गळतीवर कविता म्हटली. तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा ठिबकत होती आणि शेवटी ती बंद झाली तेव्हा लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी काकांचा पुकारा केला. काका चढले, पाठ करून उभे राहिले. जे लिफ्टने जात ते काहीच बोलले नाहीत. जे जिन्याने जात ते हसले.

"एक बूट शिवणारा होता," काकांनी भिंतीला सांगितलं. भिंतीने विरोध केला नाही. काकांचा आवाज लागला. पायरी आली, बूट आला, उघडलेला तळ आला. मागे खुर्च्या वाजायच्या थांबल्या. कारागिराने दोऱ्याला मेण लावलं आणि टाका घातला तेव्हा एवढी शांतता होती की तो टाका ऐकू येईल असं वाटावं. बूट तयार झाला. कारागीर घराबाहेर पडला.

"आणि त्या बुटाचा मालक..." काका म्हणाले. त्यांचा उजवा हात हवेत दांडा शोधू लागला. सैल सोडायला काहीच नव्हतं.

"चोर!" दातांचे डॉक्टर मागून मदत केल्यासारखे ओरडले. "सांगा की काका, चोर होता तो!"

"चोर कुठला?" चौथ्या मजल्यावरचे थोरले हिशेबनीस उभे राहिले. "तपासनीस होता. सगळ्या गावाला माहीत आहे."

"माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने मला चोर सांगितलंय!"

"तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस आ करून बोलतो, डॉक्टर. त्याचं तुम्हाला काय कळलं आणि काय नाही!"

"खलाशी आहे तो!" आजींचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "खलाशी आहे आणि जिवंत आहे! कुणी वेडंवाकडं बोलायचं काम नाही!"

"काहीही असू दे, पण आज शेवट झाल्याशिवाय आम्ही उठणार नाही," दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जाहीर केलं.

बाई घंटा वाजवत होत्या. पण घंटा सांगणाऱ्याला थांबवायला होती, ऐकणाऱ्यांना गप्प करायला नव्हती, त्यामुळे तिचा अर्थ कुणालाच लागेना. काका भिंतीकडे बघत उभे होते. भिंतीवरचा रंग एका ठिकाणी सोललेला होता. मान खाली घालून मंचाच्या पायऱ्यांकडे निघावं, एवढंच त्यांना सुचत होतं. त्यांनी एक पाऊल उचललंही.

"अहो!"

हा आवाज त्यांनी हजार आवाजांत ओळखला असता.

"भांडू दे त्यांना," काकू म्हणाल्या. "मला यातलं काहीच माहीत नाही. चोरही नाही आणि खलाशीही नाही. मला सांगा की."

काका वळले. पटांगणात माणसंच माणसं होती, आणि सगळ्यांना चेहरे होते. पण पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर रुमाल घेऊन, तीच बाई बसली होती जिची पाठ ते रोज दुपारी मशीनसमोर बघत. गोष्टीचा शेवट कधीच न ऐकलेलं, कुठल्याही मजल्याच्या बाजूचं नसलेलं हे माणूस. तिच्यासाठी अजून कुठलाच मालक ठरलेला नव्हता.

"तर तो निघाला," काका तिला म्हणाले. आवाज जरा बसला होता, पण होता. "दारोदार हिंडला. म्हणाला, पाय दाखवा, माप घेतो. तर लोकांनी काय करावं? बोटं आखडून घ्यावीत! का? तर माप लहान निघालं की बूट स्वस्तात पडेल!"

काकू शेजारणीकडे वळल्या. "हे खरं आहे हं. माझ्याकडे खिडकीचं असंच करतात."

"एक जण म्हणाला, बूट माझाच आहे, फक्त तो जरा हिरवा असता तर बरं झालं असतं."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "ती पिवळ्या पडद्यावाली!"

"दुसऱ्याची सासू म्हणाली, बूट छान आहे, पण आमच्या वेळी असे शिवत नसत."

आता काकू शेजारणीकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. वर्षानुवर्षं मशीनच्या खडखडाटात, कापडाकडे बघत, कुणी ऐकत नाही असं समजून त्या जे बोलल्या होत्या, ते त्या मंचावरून एकेक करून परत येत होतं. बूट घालून येत होतं एवढाच फरक. काकांना ते अर्धवट उघडं तोंड दिसलं. या वेळी वाक्य गेलं नाही.

"हिंडून हिंडून तो दमला," ते म्हणाले. "परत आला. बूट काचेत लावून टाकला. आणि एके सकाळी एक माणूस रस्ता ओलांडून आला. आत शिरला. बूट उचलला, उलटा केला, नखाने टाका ओढून बघितला. म्हणाला, बरा शिवलाय. कारागीर म्हणाला, मालक तुम्ही? अहो, गावभर हिंडलो की मी! तो म्हणाला, बघत होतो ना. माझं घर समोरच आहे. कारागीर म्हणाला, मग आला का नाहीत? तर तो म्हणाला, शिवण टिकते का ते आधी बघायचं होतं. आणि त्याने पाठीमागून दुसरा बूट काढला. म्हणाला, आता हा घ्या."

पटांगण हसायच्या बेतात होतं. पण त्याआधी काकूच उभ्या राहिल्या.

"अहो, ही तर दुसऱ्या मजल्यावरची! एकच पडदा शिवायला दिला होता हिने, जोडीतला दुसरा कपाटात लपवून! आणि नखाने नव्हता हो ओढला टाका. दातांनी ओढला होता!"

दुसऱ्या मजल्यावरची बाई, तीच हातवारे करणारी, उठून उभी राहिली. "काकू, पहिला आवडला म्हणूनच ना दुसरा दिला!"

"दातांनी?" डॉक्टर म्हणाले. "उद्या दवाखान्यात या."

मग जो हशा उठला त्यात बाईंची घंटा बुडून गेली. दुसऱ्या मजल्यावरच्यांना शेवट मिळाला होता, तोही त्यांच्याच घरातला, आणि त्याबद्दल अभिमान बाळगावा की राग धरावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. काकू आणि ती बाई खुर्च्यांच्या रांगेवरून एकमेकींना पडद्याचं कापड, अस्तर आणि रिंगा यांचा तपशील सांगत होत्या आणि लोक तो गोष्टीचाच भाग समजून ऐकत होते. काका मंचावर तसेच उभे होते, लोकांकडे तोंड करून, आपण वळलेले आहोत याची आठवणही न राहून.

घरी जाताना काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, हीच एक बातमी होती. मग म्हणाल्या, "आवाज बरा आहे तुमचा."

"हं."

"घरी का वापरत नाही?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "घरी तुझा चालू असतो," ते म्हणाले. "तो बंद पडेल अशी भीती वाटते."

काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तो रागाचा होता की कसला, याबद्दल मागून येणाऱ्या लोकांत दोन मतं आहेत.

बुटाचा खरा मालक कोण, हा वाद त्या दिवशी मिटला असं मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी किल्ली घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार लागताच म्हणाल्या, "काल ते लोकांसमोर होतं, ठीक आहे. आता सांग, कुठल्या बंदरात पोहोचला तो?" काकांनी दांडा थोडा सैल सोडला आणि बंदर सांगितलं. हिशेबनिसांनीही तपासनिसाची चौकशी केली. डॉक्टरांनी निरोप पाठवला, की चोराला सुट्टी देऊ नये, पेशंट घाबरतात.

दुपारी लिफ्ट बंद करून काका जेवायला खोलीत आले. काकू मशीनवर होत्या आणि बोलत होत्या. सकाळी कुणी तरी स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप सांगायला आलं होतं, आणि त्या बाईने वितीने मोजून आणलं होतं, तेही स्वतःच्या मुलीच्या वितीने. सांगता सांगता काकू थांबल्या. पायही थांबला. त्यांनी स्टूल फिरवलं आणि नवऱ्याकडे तोंड करून बसल्या.

"हे तुम्ही वर सांगणार ना?"

"बघू."

"बघू काय? सांगणारच. माझ्या लक्षात आलंय आता." काकूंनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. "मग नीट ऐका. मी घाईत सांगितलं मघाशी, मधलं सगळं राहिलं. पहिल्यापासून सांगते. आणि हे बघा, ती बाई जाड आहे असं कुठे म्हणू नका. उंच म्हणा."

काकांनी ताट बाजूला सरकवलं.